नव्या लॅपटॉपमधून विंडोज काढताय? आधी ४८ आकडी चावी कुणाकडे आहे ते पाहा

मावसभावाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात नवा लॅपटॉप आला. ‘सेटअप करूनच देतो’ असे म्हणत दुकानातल्या मुलाने तो काउंटरवरच सुरू करून दिला. तीन आठवड्यांनी भावाने एक व्हिडिओ पाहिला आणि लिनक्स टाकायचे ठरवले. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये जाऊन ‘सिक्युअर बूट’ बंद केले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि समोर निळा पडदा आला. ‘बिटलॉकर रिकव्हरी की टाका’. एकूण ४८ आकडे.

हे आकडे ना खोक्यात होते, ना बिलावर. ते होते मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्यात. आणि ते खाते दुकानातल्या मुलाने त्या दिवशी घाईत बनवलेल्या एका ईमेलवर उघडले होते. त्याचा पासवर्ड आता त्यालाही आठवत नव्हता. रात्री साडेदहाला मला फोन आला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनची फाइल त्याच लॅपटॉपमध्ये अडकलेली होती.

लिनक्स टाकणे अवघड राहिलेले नाही. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन बहुतेक नव्या लॅपटॉपवर वीस-पंचवीस मिनिटांत उरकते. घोळ होतो तो त्याच्या आधी.

निळा पडदा का आला?

विंडोज ११ च्या होम आवृत्तीत सेटअप करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले जाते. त्या खात्याने लॉग-इन केले की बहुतेक नव्या लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप सुरू होते. म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद होतो आणि रिकव्हरीची चावी त्या खात्यात जमा होते. हे होताना पडद्यावर ठळक अशी सूचना येत नाही. त्यामुळे आपल्या लॅपटॉपला कुलूप आहे, हेच अनेकांना माहीत नसते.

रोज लॅपटॉप सुरू करताना हे कुलूप उघडण्याचे काम टीपीएम नावाची चिप करते. लॅपटॉप नेहमीच्याच पद्धतीने सुरू होतोय ना, हे ती तपासते. सिक्युअर बूट बंद केले की तिच्या दृष्टीने परिस्थिती बदलते. कुणीतरी छेडछाड केली असावी, असे समजून ती कुलूप उघडत नाही आणि मग विंडोज ४८ आकडे मागते. चोरीच्या लॅपटॉपबाबत ही सोय उत्तमच आहे. इथे मात्र घरमालकच बाहेर राहिला होता.

उपाय साधा निघाला. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट पुन्हा सुरू कर, एवढेच मी त्याला सांगितले. चिपची खात्री पटली, विंडोज उघडले. मुळात ते बंद करण्याची गरजच नव्हती. उबुंटू, लिनक्स मिंट आणि फेडोरा या तिन्ही प्रमुख लिनक्स आवृत्त्या सिक्युअर बूट सुरू असतानाही चालतात. यूट्यूबवरचे बरेच जुने व्हिडिओ मात्र अजूनही पहिली पायरी म्हणून तेच बंद करायला सांगतात.

तेव्हा पहिले काम हे, की सेटिंग्जमध्ये जाऊन लॅपटॉपवर कुणाचे खाते आहे ते पाहा. दुकानदाराचे असेल, तर स्वतःच्या ईमेलने नवे अॅडमिन खाते उघडा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू दिसले, तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. लिनक्स टाकण्याआधी हे एन्क्रिप्शन बंद करा. बंद होताना डिस्क पूर्ण उलगडायला वेळ लागतो, तोवर चार्जर लावून ठेवा.

लिनक्स म्हणजे नेमके काय?

तुम्ही ही बातमी अँड्रॉइड फोनवर वाचत असाल, तर लिनक्स तुमच्या हातातच आहे. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. अँड्रॉइड त्याच गाभ्यावर उभे आहे. त्याचा कोड खुला असल्याने कुणीही त्यावर आपली आवृत्ती बेतू शकते. उबुंटू, मिंट, फेडोरा ही त्यातलीच नावे. केरळमधील सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

विंडोजची सवय असलेल्यांना मी मिंट सुचवेन. खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे बुजायला होत नाही. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारित असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. लॅपटॉप अगदी ताज्या प्रोसेसरचा असेल, तर फेडोरा पाहावे, कारण नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर त्यात लवकर येतात.

विंडोज नको, तर पैसे परत मिळतील?

लॅपटॉपच्या किमतीत विंडोजच्या परवान्याचे पैसे धरलेले असतात. परवान्याच्या अटी मान्य नसतील, तर परताव्यासाठी लॅपटॉप कंपनीच्या धोरणाकडे पाहा, असे त्या अटींमध्येच लिहिलेले असते. मात्र त्यासाठी अख्खा लॅपटॉप परत करावा लागू शकतो, हेही तिथेच असते.

युरोपात यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. सोनीचा लॅपटॉप घेतलेल्या एका फ्रेंच ग्राहकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये निकाल दिला. सॉफ्टवेअर आधीच टाकून लॅपटॉप विकणे हे तेवढ्यावरून अनुचित ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. इटलीत मात्र उलटे घडले. तिथल्या एका ग्राहकाने लेनोव्होकडे विंडोजचे ४२ युरो परत मागितले. कंपनी अपिलात गेली. मॉन्झाच्या न्यायालयाने अपील तर फेटाळलेच, वर २० हजार युरो भरपाई देण्याचा आदेश दिला.

४२ युरोंसाठी एवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते. आपल्याकडे त्याहून सोपा मार्ग म्हणजे खरेदीआधीच विचारणे. काही मॉडेल ‘डॉस’ किंवा उबुंटूसह मिळतात आणि ती सहसा स्वस्त असतात.

पैसे दिलेच असतील, तर एक दिलासा आहे. विंडोजची परवाना-चावी मदरबोर्डवरच साठवलेली असते. डिस्क पूर्ण पुसली, तरी पुढे कधी तीच आवृत्ती पुन्हा टाकली, तर ती आपोआप अॅक्टिव्हेट होते. लॅपटॉपसोबत आलेल्या एमएस ऑफिसचे तसे नाही. ते आधी स्वतःच्या खात्याला जोडून घ्या, मगच पुढे जा.

काहीही न पुसता लिनक्स वापरून पाहता येते?

येते, आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण तीन जीबीची आहे, उबुंटूची जवळपास दुप्पट. रुफस किंवा बलेनाएचर या मोफत सॉफ्टवेअरने ती आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवर आधी काही असेल तर ते जाते. मग लॅपटॉप सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबून पेन ड्राइव्ह निवडा. कंपनीनुसार ही कळ एफ९, एफ१२ किंवा एस्केप असते.

आता लिनक्स थेट पेन ड्राइव्हवरून चालते. ‘इन्स्टॉल’वर क्लिक करेपर्यंत आतल्या डिस्कवर काही लिहिले जात नाही. वाय-फाय जोडा, कॅमेरा उघडा, गाणे लावा, ब्लूटूथवर इअरफोन जोडा. झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडा. प्रोजेक्टर किंवा टीव्हीची एचडीएमआय केबल लावून पाहा. फिंगरप्रिंट सेन्सरकडून फार अपेक्षा ठेवू नका, अनेक सेन्सरना लिनक्समध्ये ड्रायव्हरच नाहीत.

वाय-फाय दिसले नाही, तर घाबरू नका. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. बहुतेक लिनक्स त्याला वायरचे नेटवर्क समजून लगेच इंटरनेट देते, आणि त्यावरून राहिलेले ड्रायव्हर उतरवता येतात. यात गेलेले कित्येक तास वाचतात, हे अनुभवाने सांगतो.

ही सगळी तपासणी लॅपटॉप बदलून मिळण्याच्या मुदतीत करा. ऑनलाइन खरेदीत ती अनेकदा मोजक्या दिवसांची असते. वाय-फाय विंडोजमध्ये चालते आणि लिनक्समध्ये नाही, तर अडचण ड्रायव्हरची. दोन्हीकडे चालत नसेल, तर लॅपटॉपच सदोष असण्याची शक्यता मोठी, आणि तो बदलून घेण्याची वेळ हीच. दुकानदाराला दोष दाखवताना मूळ विंडोज जागेवर असलेले बरे. म्हणून मुदत संपेपर्यंत डिस्कला हात लावू नका. बायोसचे अपडेटही विंडोज असतानाच करून घ्या. अनेक कंपन्या ते लिनक्समधून देतात, पण सगळ्या नाही.

इंटेल प्रोसेसरच्या काही लॅपटॉपवर आणखी एक गंमत होते. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. डिस्क बिघडलेली नसते. बायोसमध्ये स्टोरेजचा मोड ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’वर असतो, तो ‘एएचसीआय’ करावा लागतो. विंडोज ठेवणार असाल तर हा बदल आधी वाचून, समजून करा. थेट बदलला तर विंडोज सुरू होत नाही. अर्थात, मोड पूर्ववत केला की ते पुन्हा उघडते.

पुसायचे की दोन्ही ठेवायचे?

पहिल्यांदाच करणार असाल, तर दोन्ही ठेवा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून शंभरेक जीबी जागा मोकळी करा आणि इन्स्टॉलरमध्ये विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करण्याचा पर्याय निवडा. त्याआधी विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते सुरू असले की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या फाइलींना हात लावणे धोक्याचे ठरते.

दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांना भारतात हमखास येणारा अनुभव म्हणजे घड्याळ. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की वेळ बरोबर साडेपाच तास मागे दिसते. लिनक्स लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक. भारतीय वेळेतला फरक तेवढाच. लिनक्समध्ये एका ओळीच्या आदेशाने हे कायमचे सुटते.

डिस्क पूर्ण पुसणार असाल, तर आधी विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह बनवा. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. आणि ‘इरेज डिस्क’ दाबण्यापूर्वी समोरच्या डिस्कचे नाव आणि आकार वाचा. फोटो साठवलेली बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर ती सरळ काढून ठेवा.

मराठीचे काय?

युनिकोड मराठी उत्तम दिसते आणि टंकताही येते. इनस्क्रिप्ट कळफलक आहे, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारे फोनेटिक पर्यायही आहेत. अडचण येते ती श्रीलिपी किंवा आयएसएमवर काम करणाऱ्यांना. ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. त्यांच्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल लिनक्सवर उघडल्या की समोर नुसती चिन्हे दिसतात. डीटीपी करणाऱ्यांनी आणि जुन्या फाइलींचे गठ्ठे असलेल्या संस्थांनी याचा विचार आधीच करावा.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत, तेही मोफत.

या वाटेला कुणी जाऊ नये?

टॅली रोज लागते, त्यांनी नाही. ऑटोकॅड, फोटोशॉप यांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत. ई-निविदा किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहा. ऑनलाइन परीक्षांसाठी वापरले जाणारे सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सवर चालत नाही. व्हॅलोरंट खेळणाऱ्यांचीही निराशा होईल. प्रिंटर बहुतेक चालतात, पण कितीतरी कार्यालयांत दिसणारा कॅननचा जुना एलबीपी २९०० त्रास देतो.

ज्यांचे काम ब्राउझर, कोडिंग, लेखन आणि व्हिडिओ यांत आटोपते, त्यांचे विंडोजवाचून फारसे अडत नाही. घरात विंडोज १० चा जुना लॅपटॉप पडून असेल, तर पहिला प्रयोग त्यावरच करा. त्या आवृत्तीला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित मोफत सुरक्षा अपडेट मिळणे थांबले आहे. नव्या पन्नास हजारांच्या लॅपटॉपवर हात साफ करण्यापेक्षा हे बरे.

भावाने शेवटी मिंट टाकले, विंडोजही ठेवले. ऑटोकॅडच्या प्रॅक्टिकलला विंडोज, एरवी मिंट. मध्यंतरी मित्राचा लॅपटॉप घ्यायला तो त्याच दुकानात गेला होता. काउंटरवर ‘सेटअप करून देऊ का?’ असा प्रश्न आला. खोके सीलबंदच घरी आले.