अर्धवट सोडलेले प्रशिक्षण आणि शुल्क परताव्याचा हक्क

तंजावर म्हटले की मराठी वाचकास भोसले घराण्याची राजवट व सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. आजच्या तंजावरमधील तरुणापुढचा प्रश्न मात्र पुण्यातील वा नागपुरातील तरुणाच्या प्रश्नाहून वेगळा नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे संपूर्ण शुल्क आगाऊ भरावे लागते आणि काही कारणाने शिकवणी मध्येच सोडल्यास, ‘भरलेले शुल्क परत मिळणार नाही’ या पावतीवरील ओळीकडे बोट दाखविले जाते. वाहनचालक म्हणून रोजगार शोधणाऱ्या युवकाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ नसते. ही ओळ कायद्यापुढे कितपत टिकते, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

आगाऊ शुल्काचे अर्थशास्त्र

सेवेचा दर्जा ती घेतल्यावरच कळतो. पैसे मात्र आधी दिलेले असतात. माहितीच्या या विषमतेमुळे सौदाशक्ती विक्रेत्याकडे झुकते. दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. संस्थेने प्रशिक्षक व वाहन यांची वेळ राखून ठेवलेली असते आणि शिकाऊ अनुज्ञप्तीचे शासकीय शुल्क शासनाकडे जमा झालेले असते. त्यामुळे संपूर्ण रक्कम परत मागणे जसे अवाजवी, तसेच संपूर्ण रक्कम दाबून ठेवणेही अवाजवी होय.

कायद्याची चौकट

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाबद्दल करारात रक्कम नमूद असली, तरी त्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाईच मिळू शकते. आधीच भरलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीसही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निवाड्यात स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. प्रत्यक्ष नुकसानीच्या तुलनेत सर्वस्वी अवाजवी दंड लादणारी अट ही या अधिनियमानुसार ‘अनुचित करारा’चे लक्षण आहे. सदोष सेवा बंद करून पावतीवरील मुदतीत, व मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, मोबदला परत करण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरते. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. अनुचित कराराविरुद्धची तक्रार मात्र राज्य आयोगाच्या अधिकारक्षेत्रात येते.

तासांचा हिशेब

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ३१ नुसार बिगर-परिवहन वाहनासाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे व प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे तास दहापेक्षा कमी नसावेत. प्रशिक्षणार्थ्याने किती तास वाहन चालविले, याची नोंदवही नमुना १५ मध्ये असते. परताव्याच्या वादात हाच मोलाचा पुरावा होय.

समजा, तंजावरमधील एका युवतीने दहा तासांसाठी ६,००० रुपये भरले आणि दोन तासांनंतर नोकरीनिमित्त तिला पुण्यास जावे लागले. नोंदणी व कागदपत्रांचा खर्च ५०० रुपये धरल्यास उरलेल्या ५,५०० रुपयांत प्रतितास दर ५५० रुपये पडतो. दोन तासांचे १,१०० रुपये, वाया गेलेल्या एका तासाचे ५५० रुपये व नोंदणीखर्च मिळून २,१५० रुपये संस्थेने ठेवणे समर्थनीय ठरेल. ३,८५० रुपये परत करणे न्याय्य होईल. हे आकडे गृहीत असले, तरी वाजवी भरपाई ठरविण्याची दिशा त्यांतून स्पष्ट होते.

दाद कोठे मागावी?

प्रथम प्रवेश रद्द केल्याचे लेखी कळवून परताव्याची मागणी करावी व पोच घ्यावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. तडजोड न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे येतात. पाच लाखांपर्यंत तक्रारशुल्क नाही. वकील नेमणे बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार आपल्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणीही तक्रार करू शकतो. सेवेतील त्रुटीची तक्रार असल्यास वरील उदाहरणातील युवतीला तंजावरला परतण्याची गरज उरत नाही. १९८६ च्या अधिनियमात ही सोय नव्हती.

लहान रकमेसाठी दाद मागण्याचा खर्च रकमेपेक्षा अधिक असेल, तर हक्क कागदावरच राहतो. निःशुल्क तक्रार व निवासस्थानी दाद या तरतुदींचे आर्थिक महत्त्व यातच आहे. मात्र त्यांचा लाभ ज्याच्यापाशी पावती व तासांची नोंद आहे, त्यालाच खऱ्या अर्थाने घेता येतो. शुल्क भरतानाच पावती मागणे आणि रद्द करण्याची अट लेखी घेणे, ही ग्राहकाच्या संरक्षणाची पहिली पायरी होय.