‘फॉरमॅटिंग काय, शेवटी बघू’

पुण्यात पीएच.डी. करणाऱ्या कुणालाही विचारा, कुठवर आलंय? ‘लिहून झालंय, आता फक्त फॉरमॅटिंग राहिलंय. डीटीपीवाला आठ दिवसांत करून देईल.’ हे ऐकलं की चीड येते, कारण वर्षानुवर्षं खपून केलेलं काम या ‘फक्त’पायी सबमिशनच्या तोंडावर अडकतं.

साधी अनुक्रमणिका घ्या. बरेच जण टिंबं मारत, पृष्ठांक हाताने टाकत ती तयार करतात. मग गाइड तिसऱ्या प्रकरणात एक तक्ता वाढवायला सांगतात आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. प्रकरणाच्या नावाला वर्डमधली ‘हेडिंग वन’ स्टाइल आणि उपशीर्षकाला ‘हेडिंग टू’ सुरुवातीपासून लावली असेल आणि अनुक्रमणिका वर्डकडूनच तयार करून घेतली असेल, तर ‘अपडेट फील्ड’ केलं की काम झालं. प्रास्ताविक पानांना रोमन आकडे आणि मुख्य मजकुराला नेहमीचे हवे असतील, तर मध्ये सेक्शन ब्रेक लागतो. हे डीटीपीवाल्याचं काम नाही. लिहिणाऱ्याने लिहितानाच करायचं आहे.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांचं दुखणं आणखी मोठं. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, फाइलमध्ये मात्र भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की वाचता येत नाही. ऐनवेळी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला गेलं, की रफार आणि जोडाक्षरं बिघडू शकतात. ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते, ‘वऱ्हाड’चं ‘वर्हाड’. शेकडो पानांत हे एकेक हुडकत बसावं लागतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या पीएच.डी. नियमावलीनुसार पदवी जाहीर होण्याआधी प्रबंधाची ई-प्रत इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यावी लागते; ‘शोधगंगा’ हे त्यांचंच प्रबंधांचं ऑनलाइन भांडार. तिथे जुन्या फाँटमधल्या पीडीएफमध्ये ‘तुकाराम’ असा शोध घेतला, तर शब्द पानोपानी असूनही सापडत नाही. पुढच्या संशोधकाला तुमचं कामच दिसणार नसेल, तर एवढी मेहनत कुणासाठी केली?

‘दहा टक्के कॉपी चालते’ हेही सर्रास ऐकू येतं. चालत नाही! यूजीसीच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही, इतकंच. गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष यांत साम्य नसावं, असं तिथेच म्हटलंय. साम्य दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. साठ टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द. अशा आणखीही काही समजुती कानावर येतात.

‘संदर्भसूचीमुळे टक्केवारी फुगते’: सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं साम्याच्या तपासणीतून वगळायची असतात.

‘डावीकडचा मोठा समास म्हणजे कागदाची नासाडी’: बाइंडिंगमध्ये ओळीचं पहिलं अक्षर शिवलं जाऊ नये म्हणून तो असतो.

‘पेपर छापल्याशिवाय प्रबंध घेत नाहीत’: यूजीसीने ही सक्ती २०२२मध्ये काढली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, ते तेवढं विचारून घ्या.

‘सीनियरचा प्रबंध समोर ठेवला की झालं’: त्यांच्या वेळचे नियम वेगळे असू शकतात. संदर्भ देण्याच्या एपीए शैलीची सातवी आवृत्ती २०१९मध्ये आली, एमएलएची नववी २०२१मध्ये. विद्यापीठाचं चालू परिपत्रक आणि संशोधन केंद्राची सूचना आजच काढून वाचा, पहिलं प्रकरण लिहायला घेण्याआधी.