अमरावती व अकोला येथील वाहतुकीची कोंडी : कारणे आणि उपाय

नागरी वाहतुकीच्या कोंडीचा विषय निघाला म्हणजे सामान्यतः मुंबई-पुण्यासारखी महानगरेच डोळ्यांपुढे येतात. तथापि मध्यम आकाराच्या शहरांतही हा प्रश्न बिकट झाला असून तेथील कारणे महानगरांहून काहीशी निराळी आहेत. वऱ्हाडातील अमरावती व अकोला ही दोन शहरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. १९०१ च्या जनगणनेत अमरावतीची लोकसंख्या सुमारे ३४ हजार व अकोल्याची सुमारे २९ हजार होती. २०११ मध्ये ती अनुक्रमे साडेसहा लाखांच्या जवळपास आणि सव्वाचार लाखांहून अधिक झाली. शहरांच्या गाभ्यातील रस्ते मात्र बव्हंशी जुन्याच आखणीचे राहिले. म्हणून वाहने वाढली, एवढेच कोंडीचे कारण देऊन थांबणे योग्य नव्हे. नगरातील असंख्य वाटा मोजक्याच ठिकाणी एकत्र येतात आणि नेमक्या त्याच ठिकाणची जागा वाहतुकीखेरीज अन्य कामी खर्च होते, हे कोंडीचे मूळ आहे.

शहरांची घडण

पेंढाऱ्यांच्या उपद्रवापासून श्रीमंत व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या सरकारने १८०७ मध्ये अमरावतीभोवती परकोट बांधण्यास आरंभ केला. सुमारे सव्वादोन मैल परिघाच्या व वीस ते सव्वीस फूट उंचीच्या या तटाला पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. आत येणाऱ्यास अटकाव करता यावा, हाच अशा रचनेचा हेतू असतो. अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही रूढ आहेत आणि परकोटाच्या आतील गल्ल्या पादचारी, घोडेस्वार व बंड्या यांच्या मानाने घडलेल्या आहेत. पुढे कॅम्पाच्या बाजूस नवी वस्ती व कचेऱ्या वाढल्या. बडनेऱ्याहून येणारा लोहमार्ग शहराच्या मध्यापर्यंत येऊन थांबला. त्यामुळे जुने शहर, स्थानक, कचेऱ्या व नव्या वसाहती यांमधील बहुतेक वाहतूक थोड्याच चौकांतून व पुलांवरून जाऊ लागली.

अकोल्यात हेच कार्य मोर्णा नदीने केले आहे. असदगड व जुने शहर नदीच्या पश्चिमेस, तर ताजनापेठ व तिच्या आश्रयाने वाढलेले कचेऱ्यांचे शहर पूर्वेस आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि त्याला येथे मिळणारे पूर्णा व खांडवा या दिशांचे मार्ग यांनी शहराचे आणखी तुकडे पाडले. नदी ओलांडण्यास पूल हवा, लोहमार्ग ओलांडण्यास फाटक किंवा पूल हवा. अमरावतीला माणसांनी घातलेले दरवाजे होते. अकोल्याला निसर्गाने व आगगाडीने दरवाजे घातले.

या घडणीवर कापसाच्या व्यापाराचा भार पडला. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला मागणी वाढली, त्याच दशकात वऱ्हाडात रेल्वे आली आणि जिन, गोदामे व बाजार दोन्ही शहरांत वाढले. मालाची बाजारपेठ शहराच्या अंगाशी असणे त्या काळी सोयीचे होते. आज त्याच सोयीची अडचण झाली आहे.

रांग कशी वाढते

कोंडी हळूहळू वाढत नाही. ती एका मर्यादेनंतर एकदम वाढते. समजा, एखाद्या चौकातून मिनिटाला ३० वाहने पार होऊ शकतात आणि २७ येतात. अशा वेळी फारसे थांबावे लागत नाही. शाळा सुटण्याच्या सुमारास मिनिटाला ३३ वाहने येऊ लागली, म्हणजे केवळ एकदशांश भार अधिक झाला, तर वीस मिनिटांत ६० वाहनांची रांग लागते. पुढे संख्या पुन्हा २७ वर आली, तरी ती रांग ओसरण्यास आणखी वीस मिनिटे जातात. कारण नाहीसे झाल्यावरही कोंडी टिकून राहते ती यामुळे. उलटपक्षी, चौकाच्या तोंडाशी उभी असलेली दोन मालवाहू वाहने हलवून क्षमता ३० वरून ३३ वर नेता आली, तर ही रांग लागतच नाही. रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेवरून ठरते, मैलभर रुंदीवरून नव्हे.

मिश्र वाहतूक

भारतीय नगरांत एकाच रस्त्यावर भिन्न वेगांची वाहने चालतात. त्यांचा भार मोजण्यासाठी भारतीय रस्ते महासभेने १९९० मध्ये नागरी रस्त्यांकरिता काही प्रमाणे सुचविली. त्यांनुसार मोटारीचा भार १ धरल्यास, ज्या वाहनाचा एकूण वाहतुकीत मोठा वाटा आहे अशा दुचाकीचा ०.७५, रिक्षाचा २, बसचा ३.७ आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा ५ इतका होतो. कापसाच्या हंगामात बाजाराकडे निघालेली एक ट्रॉली पाच मोटारींइतकी जागा अडविते, हे वऱ्हाडाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

याच मापाने माणसांचा विचार करता निराळेच चित्र दिसते. चाळीस माणसे प्रत्येकी दोघे याप्रमाणे मोटारींतून गेल्यास २० एककांची जागा लागते. दोघे-दोघे दुचाकीवरून गेल्यास १५. तीच माणसे एका बसमध्ये बसल्यास चारहूनही कमी. भरवशाची नगर-बससेवा नसली म्हणजे विद्यार्थी, कारकून व कामगार दुचाकीकडे वळतात. तो त्यांचा दोष नव्हे; त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

रुंदीकरणाची मर्यादा

रस्ता रुंद करावा किंवा उड्डाणपूल बांधावा, हा उपाय सर्वांस प्रथम सुचतो. परंतु अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच दाखविले की, गर्दीच्या वेळी नवा मार्ग खुला झाला की अन्य रस्त्यांवरची, अन्य वेळेची व सार्वजनिक वाहनांतील माणसे त्याकडे वळतात आणि तो पुन्हा भरतो. शिवाय पूल वाहनांना एका चौकावरून उचलून पुढच्या चौकात सोडतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाच्या ७५ किलोमीटर पट्ट्याचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. शहरांमधील अंतर असे सुकर होत असता शहरातील शेवटचे दोन-तीन किलोमीटर अवघड राहावेत, ही विसंगती रुंदीकरणाने दूर होणारी नाही.

उपाय

पहिला उपाय चौकांचा. चौकाच्या अलीकडे व पलीकडे काही अंतर वाहने, रिक्षा व हातगाड्या उभ्या राहू नयेत आणि रिक्षांचे थांबे थोडे आत आखून द्यावेत. फेरीवाल्यांस केवळ हुसकावून लावल्याने ते दुसऱ्या दिवशी परत येतात, कारण गिऱ्हाईक तेथेच असते. २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समित्यांची तरतूद केली आहे. त्यांच्यामार्फत जागा नेमून देणे न्याय्य व टिकाऊ ठरेल.

दुसरा उपाय वेळेचा. अवजड मालाची चढउतार रात्री किंवा पहाटे व्हावी, हंगामात ट्रॉल्यांकरिता बाहेरचे मार्ग ठरवावेत आणि शेजारच्या शाळांच्या वेळांत वीस-पंचवीस मिनिटांचे अंतर ठेवावे. वरील उदाहरणावरून दिसते की, एकदशांश भार पुढेमागे सारला तरी रांग टळते.

तिसरा उपाय बससेवेचा व वाहनतळांचा. बाजारपेठेत वाहन उभे करण्यास मोबदला आकारून ते उत्पन्न बससेवेस द्यावे. सिंगापूरने १९७५ मध्ये व लंडनने २००३ मध्ये शहराच्या गाभ्यात येणाऱ्या मोटारींवर शुल्क बसविले. परंतु तेथे पर्यायी वाहनव्यवस्था उपलब्ध होती. येथे पर्याय उभा न करता शुल्क बसविल्यास त्याचा भार अल्प उत्पन्नाच्या माणसावर पडेल.

नवे पूल हा चौथा उपाय असून नदी व लोहमार्ग ओलांडण्यासाठी तो आवश्यकच आहे. मात्र त्यापूर्वी दोन्ही टोकांच्या चौकांतील वाहनांची मोजणी झाली पाहिजे.

कोंडीची किंमत केवळ इंधनात मोजता येत नाही. मेळघाटातील धारणीचा रुग्ण अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर घाटरस्ता कापून येतो. वाशीम व बुलढाण्याकडील रुग्ण अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे येतात. एवढा प्रवास झाल्यावर रुग्णवाहिका शहरातील एखाद्या चौकात अडकावी, यासारखा दुर्दैवी विलंब दुसरा नाही. चौक मोकळे ठेवण्यास फार मोठा पैसा लागत नाही. महानगरपालिका प्रशासन, पोलीस, बाजार समिती व शाळा यांचा मेळ लागतो. तो बसविणे हेच या प्रश्नातील खरे व कठीण काम आहे.