ट्विन वास्प एंजिन : युद्धकालीन प्रकार

ट्विन वास्प एंजिन (आर-१८३०) : अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे विमान-एंजिन. हे अरीय रचनेचे, हवेने थंड होणारे असून त्यात चौदा सिलिंडर दोन ओळींत बसविलेले असतात. सिलिंडरांचे एकूण घनफळ १,८३० घन इंच (सु. ३० लिटर) असल्याने त्यास वरील क्रमांक मिळाला. या जातीची १,७३,००० हून अधिक एंजिने तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) डाकोटा हे मालवाहू, कॅटॅलिना हे समुद्रावरील व लिबरेटर हे बाँबफेकी विमान याच एंजिनावर चाले. मात्र त्याच्या विविध प्रकारांच्या कार्यक्षमतेत मोठा फरक होता. त्याचे मुख्य कारण सिलिंडरांत नसून त्यांना हवा पुरविण्याच्या पद्धतीत होते.

उंचीचा परिणाम : दट्ट्याच्या एंजिनाची शक्ती दर आवर्तनात आत घेतल्या जाणाऱ्या हवेच्या वजनावर अवलंबून असते. सु. ५,५०० मी. उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो व त्या प्रमाणात शक्ती घटते. ही तूट भरून काढण्यासाठी हवा दाबून आत ढकलणारा पंखा, म्हणजे सुपरचार्जर, वापरतात. परंतु पंखा फिरविण्यात एंजिनाचीच काही शक्ती खर्च होते. शिवाय दाबलेली हवा तापते आणि इंधनाचे अकाली स्फोटन होण्याचा धोका वाढतो. म्हणून उंचावर उपयुक्त ठरणारा वेगवान पंखा जमिनीलगत अडचणीचा होतो.

प्रमुख प्रकार : (१) डाकोटा व कॅटॅलिना यांतील आर-१८३०-९२ या प्रकारात एकाच वेगाचा पंखा असे, तो एंजिनाच्या सु. सातपट वेगाने फिरे. उड्डाणसमयी १,२०० अश्वशक्ती मिळे. सलग वापरासाठीची १,०५० अश्वशक्ती सु. २,३०० मी.पर्यंत टिके व त्यावर उतरत जाई. (२) आर-१८३०-९०सी या प्रकारात पंख्याला दोन वेग होते. आसाममधून चीनकडे जाणाऱ्या, पर्वतरांगा ओलांडणाऱ्या मार्गावर अशा एंजिनांची गरज होती. (३) वाइल्डकॅट या लढाऊ विमानाच्या एंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबली जाई. (४) लिबरेटरमधील -४३ व -६५ या प्रकारांना निष्कास वायूंवर फिरणाऱ्या टरबाइनाची जोड होती. त्यामुळे सुरुवातीची १,२०० अश्वशक्ती सात हजार मी.च्या वरही बव्हंशी कायम राहे. तेथे -९२ प्रकाराची शक्ती निम्म्याच्या आसपास येई. यावरून केवळ अश्वशक्तीचा आकडा पुरेसा नसून तो कोणत्या उंचीवरील आहे हे सांगणे आवश्यक ठरते.

भारतातील वापर : युद्धानंतर शिल्लक राहिलेली डाकोटा विमाने नागरी वाहतुकीत आली. मुंबई उपनगरातील जुहू विमानतळावर ती परिचित होती. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथील विमाने नागपूरला एकत्र येत. त्या सेवेतही डाकोटाच होते. सह्याद्री ओलांडून दख्खनवर जाण्यास -९२ प्रकाराची उंची पुरेशी होती. युद्धानंतर अनेक विमानांतील दुसऱ्या वेगाची यंत्रणा काढून टाकण्यात आली. साधे यंत्र राखण्यास स्वस्त पडते, हा व्यवहार त्यामागे होता. उलट, मे १९४८ मध्ये एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी डाकोटा विमान हिमालयाच्या रांगा ओलांडून लेह येथे ३,२०० मी.हून अधिक उंचीवर उतरविले, तेव्हा एंजिनाजवळ राखीव शक्ती फारच थोडी होती.

वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोर येथे स्थापिलेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीने कानपूर येथे टाकून दिलेली लिबरेटर विमाने दुरुस्त करून भारतीय हवाई दलास दिली. १९५१ पासून त्यांपैकी काही पुणे येथील सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये सागरी टेहळणीसाठी होती. १९६८ मध्ये ती निवृत्त झाली. टेहळणी बहुधा कमी उंचीवरून होत असल्याने टरबाइनाचा मुख्य लाभ तेथे क्वचितच लागे. एंजिनाचा प्रकार श्रेष्ठ की कनिष्ठ, हे अशा रीतीने त्याला नेमून दिलेल्या कामावरूनच ठरते.