मूल मारते तेव्हा घरात काय घडते?

पालकसभा संपते, बाकीच्या आया निघून जातात आणि एक जण दाराशी घुटमळत राहते. मग हळूच म्हणते, "सर, हा घरी मले मारते जी. तुमीच याले दोन हाना, तुमाले भेते." कोंढ्याकडच्या शिक्षकांना हे गाऱ्हाणे नवे नाही. मूल दुसरी-तिसरीतले, वर्गात बहुधा गप्प. घरी मात्र आईला लाथा आणि धाकट्या बहिणीला चावे.

दोन हाणणे आपल्या हाती नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा बंद केली आहे, आणि ते बरेच झाले. पण त्या आईला मोकळ्या हाताने परत पाठवणेही बरे नव्हे. घरात नेमके काय घडते आहे, एवढे तरी आपल्याला तिला सांगता आले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की मारणे मुलाला शिकावे लागत नाही. मॉन्ट्रियलचे संशोधक रिचर्ड ट्रॅम्ब्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. मारणे, चावणे, ढकलणे यांचे प्रमाण दोन ते चार वर्षांच्या दरम्यान सर्वांत जास्त आढळले. पुढे शब्द येतात, थांबणे जमू लागते आणि बहुतेक मुलांत ते ओसरते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीनंतरही पक्व होत असतो. म्हणजे हे पोर जन्माचे दुष्ट नाही. न मारणे शिकायचे त्याचे राहून गेले आहे. ते का राहिले?

रोवणीचे दिवस आहेत असे समजा. आई दिवसभर चिखलात वाकून घरी आली आहे. मुलगा मोबाइल मागतो. ती नाही म्हणते. तो ओरडतो, मग पाठीत बुक्की मारतो. ती थकलेली, आजी म्हणते, "दे वो त्याले, कायले रडवतेस." मोबाइल मिळतो आणि घर शांत होते. या दोन मिनिटांत दोघेही काही शिकले. बुक्की मारली की वस्तू मिळते, हे मुलगा शिकला. दिले की मार थांबतो, हे आई शिकली. दोघांनाही बक्षीस मिळाले, म्हणून उद्या दोघेही तेच करणार. अमेरिकेतील ऑरेगन येथे जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत निरीक्षक बसवून अशा घटनांच्या क्षणाक्षणाच्या नोंदी केल्या आणि १९८२ च्या ग्रंथात हे चक्र मांडले.

यावर "देऊ नका" एवढेच सांगितले, तर आई चार दिवसांनी परत येईल आणि म्हणेल की तो जास्तच मारतो. ती खोटे बोलत नसते. हातपंपाचे पाहा. रोज तीन हापशांत पाणी येते. एक दिवस येत नाही, तर आपण लगेच घरी जातो का? आधी जोरजोरात हापसतो, मग सोडतो. मुलाचेही तसेच होते. नेहमीचा उपाय चालेनासा झाला की आधी तो वाढतो. याच टप्प्यावर आई खचून मोबाइल देते, आणि विसाव्या हापशाला पाणी आले की पुढच्या वेळी माणूस वीस हापसे मारणारच. म्हणून दहा मिनिटे ताणून मग देणे हे पहिल्याच मिनिटाला देण्यापेक्षा वाईट. हे आधी सांगून ठेवले, तर तो वाईट आठवडा आई निभावून नेते.

मग मर्यादा घालायची म्हणजे काय? मुलाला बजावणे म्हणजे मर्यादा नव्हे. "मारू नको" हे त्याने हजारदा ऐकलेले असते. मोठे माणूस दर वेळी काय करते, ही मर्यादा. हात उगारला की तो अडवायचा, "मारू देणार नाही" एवढेच शांतपणे म्हणायचे, धाकटीला उचलून दूर व्हायचे. विळा, काठी, दगड आधीच हाताबाहेर ठेवायचे. भाषण द्यायचे नाही. संतापलेल्या मुलाला ते ऐकूच येत नाही. जे मारून मागितले ते त्या दिवशी मिळणार नाही, आजीकडूनही नाही. आमच्या मते सगळ्यांत अवघड काम आजीला बाजूने घेण्याचे आहे, म्हणून सभेला तिलाही बोलवावे. राग निवला की सांडलेले त्याच्याकडून भरून घ्यावे, पाणी द्यावे, आणि विषय तिथेच सोडावा.

धुरा नुसता उंच केला तर भरल्या बांधीचे पाणी तो फोडते. शेतकरी जास्तीच्या पाण्याला वाट ठेवतो. मुलाने शब्दांत मागितले, रागावूनही हात आवरला, तर लगेच त्याच्याकडे वळावे, शक्य ते द्यावे. बहुतेक घरांत नेमके उलटे असते. शहाण्यासारखा खेळत असलेल्या पोराकडे कोणी पाहत नाही, मारल्यावर मात्र सारे घर धावते.

आणि घरात मोठीच माणसे मारत असतील तर? स्टॅनफर्डमध्ये १९६१ साली आल्बर्ट बंडुरा यांनी ७२ लहान मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्या माणसाला बाहुलीस बडवताना पाहिलेल्या मुलांनी तशाच हालचाली, तसेच शब्द उचलले. दारू पिऊन बाप आईवर हात टाकतो, त्या घरात मुलाची मर्यादा टिकणे कठीण. तिथे आधी आईची सुरक्षितता पाहावी लागते. मुलालाच मार पडत असेल तर १०९८ हा क्रमांक आहे.

आईला एक साधे काम सांगावे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, ज्या दिवशी जितक्या वेळा मारले तितके ठिपके त्या चौकोनात द्यायचे. बाजूला वेळही लिहायची. कधी भूक, कधी अपुरी झोप तिथेच दिसते. दरम्यान आपण वर्गात त्याचे कान, बोलणे, मध्येच हरवल्यासारखे होणे पाहावे. कान वाहणारे, नीट न ऐकू येणारे मूल चिडके ठरते, हे आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात ठिपके वाढतील. दीड-दोन महिन्यांनीही ते उतरले नाहीत, किंवा कोणाला खरी इजा होऊ लागली, तर जिल्हा रुग्णालयातून चालणाऱ्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे मुलाला न्यावे. त्याआधी नुसते विचारायचे असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. जाताना ते ठिपक्यांचे पान बरोबर घ्यायला सांगावे.