नीरेकांठची ऊषर भूमि

'वाळवंटीकरण' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांतून वारंवार वाचावयास मिळतो. इंग्रजी शब्दाचें हें भाषांतर व्याकरणदृष्ट्या निर्दोष असलें तरी अर्थदृष्ट्या फसवें आहे. तो शब्द वाचतांच डोळ्यांपुढें राजस्थानांतील वाळूच्या टेकड्या व उंटांच्या रांगा उभ्या राहतात, आणि 'आपला त्याच्याशीं काय संबंध?' असें म्हणून वाचक पान उलटतो. बारामती तालुक्यांत नीरा नदीच्या कांठीं सांगवी नांवाचें गांव आहे. नदी ओलांडली कीं सातारा जिल्हा लागतो. गांवाच्या भोंवतीं कालव्याचें पाणी, उसाचे मळे आणि हंगामांत साखर कारखान्याच्या वाटेस लागलेल्या गाड्या. अशा ठिकाणीं जाऊन 'तुमच्या भूमीचें वाळवंट होत आहे' असें कोणी सांगूं लागला, तर लोक त्यास हंसतील.

तथापि १९९४ सालीं पॅरिस येथें संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारांत या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तींत वाळूचें नांवहि नाहीं. कोरड्या व निमकोरड्या प्रदेशांत हवामानामुळें किंवा मनुष्याच्या कृतीमुळें जमिनीचा जो ऱ्हास होतो तो सर्व या शब्दांत येतो, आणि अशा जमिनींमध्यें पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीचाहि स्पष्ट समावेश केलेला आहे. आमच्या पूर्वजांची परिभाषा या बाबतींत अधिक नेमकी होती, असें आम्हांस वाटतें. अमरकोशाच्या भूमिवर्गांत 'मरु' व 'ऊषर' हे दोन शब्द वेगवेगळे दिले आहेत. मरु म्हणजे निर्जल प्रदेश. ऊषर म्हणजे क्षारानें नापीक झालेली भूमि. पहिलीस पाणी नसतें. दुसरीस तें पुष्कळदां फार झालेलें असतें.

एकट्या बारामती तालुक्यांत हे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. उत्तरेस सुपें, मोरगांव या बाजूचा जिराईत भाग पावसाकडे डोळे लावून बसतो. २०२३ च्या अखेरीस शासनानें जे चाळीस तालुके दुष्काळी ठरविले त्यांत बारामती व इंदापूर हे दोन्ही होते. दक्षिणेस, दोन-अडीच तासांच्या वाटेवर देखील नाहीं, तोंच नीरेकांठीं कांहीं शेतांत उन्हाळ्यांत मातीवर पांढरी बुकटी पसरलेली दिसते. वर्षाकाठीं वीस इंचांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखांत पाण्यानें जमीन मरावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

या कथेचा आरंभ १८७६-७७ च्या महादुष्काळापासून होतो. पुन्हां तसा प्रसंग येऊं नये म्हणून वेळवंडी नदीवर भाटघरचें धरण व तेथून सोडलेल्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा हीं कामें सरकारनें हातीं घेतलीं. १८८५ च्या सुमारास कालव्यांतून पाणी वाहूं लागलें. प्रथम लोक तें घेईनात. पुढें उसाचा पैसा दिसूं लागला तेव्हां तें पुरेना. विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्यास असलेल्या विश्वेश्वरय्या नांवाच्या तरुण इंजिनियरनें 'ब्लॉक पद्धति' सुचविली. ठरलेल्या क्षेत्राच्या एका हिश्श्यांतच ऊस घ्यावा, बाकीच्यांत हलकीं पिकें घ्यावींत व हा क्रम फिरता ठेवावा, म्हणजे पाणी अनेक गांवांस पुरेल व एकाच जमिनीवर त्याचा मारा होणार नाहीं, असा तिचा आशय होता. हेच पुढें म्हैसूरचे दिवाण झालेले सर विश्वेश्वरय्या.

परंतु तोंपर्यंत बरीच जमीन बिघडली होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० सालीं नीरेच्या खोऱ्यांतील खाऱ्या जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. कालवा सुरू होऊन पुरतीं तीस वर्षेंहि झालीं नव्हतीं! एक इंग्रज व एक महाराष्ट्रीय यांनीं मिळून केलेलें हें काम आज आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणून मिरविलें गेलें असतें.

ही जमीन बिघडते कशी, हें समजण्यास प्रयोगशाळा नको. समईच्या वातींतून तेल वर चढतें, तसेंच काळ्या चिकण मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून खालचें पाणी वर चढतें. पाण्याच्या माठास बाहेरून कांहीं महिन्यांनीं पांढरा थर येतो, तो प्रत्येक गृहिणीनें पाहिलेला असतो. पाणी उडून जातें व त्यांतील क्षार मागें राहतो. शेताचें तेंच होतें. एक हिशेब करून पाहूं. उसाच्या एका पिकास एकरीं अदमासें ८० लक्ष लिटर पाणी लागतें. तें सर्व पाटानेंच दिलें व त्यांत लिटरमागें अवघे २०० मिलिग्रॅम क्षार धरले, तरी एका पिकाबरोबर एकरांत १६०० किलो क्षार येऊन पडतो. पाण्यास खालून वाट असेल तर पावसाळ्यांत तो धुवून जातो. नसेल तर सांचतच राहतो. त्यांतून सोडियमचें प्रमाण वाढलें म्हणजे मातीचे कण सुटे होऊन छिद्रें बुजवितात, आणि जमीन 'चोपण' होते. ओली असतां चिखल, वाळली म्हणजे दगड.

याचें मुख्य औषध एकच, निचरा. जिप्सम घालावा, ताग-धैंचा गाडावा, हें सर्व खरें. पण सुटलेला सोडियम वाहून जाण्यास वाट नसेल तर जिप्समचे पैसे पाण्यांत गेले असें समजावें. पूर्वी उघडे चर खणीत. आतां तीन-चार फूट खोल सच्छिद्र नळ्या पुरतात. या विद्येंत समुद्राशीं झगडणारे हॉलंडचे लोक निष्णात. कर्नाल येथें १९६९ मध्यें स्थापन झालेल्या क्षारभूमि-संशोधन संस्थेनें डच तज्ज्ञांच्या साहाय्यानें हरियाणांत असे प्रयोग केले, आणि आज कोल्हापूर जिल्ह्यांत शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं क्षारपड जमिनी त्याच पद्धतीनें पुन्हां पिकाखालीं आणल्या आहेत. सांगवीच्या शेजारीं माळेगांवास २००९ सालापासून केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था खडकाळ माळावर उभी आहे. अवर्षण, उष्णता व क्षार यांचा पिकांवर काय परिणाम होतो, हाच तिचा विषय. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्यानें उसांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालविले आहेत. जमिनींतील ओल यंत्रानें मोजून 'आज पाणी नको' असा निरोप शेतकऱ्याच्या फोनवर जातो. मोकाट पाणी देण्याची संवय तीन पिढ्यांची आहे. ती या निरोपानें मोडली, तर यंत्राचें मोल वसूल झालें असें आम्ही म्हणूं.

जिराईत भागासहि परदेशचे हात लागलेले आहेत. १९६६ च्या सुमारच्या अवर्षणांत बारामतींतील ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांच्या खटपटीनें परदेशांतून आलेलें धान्य मजुरीदाखल देऊन पाझर तलाव बांधले गेले. मिशनविषयीं आमच्या वाडवडिलांचें मत कांहींहि असो, त्या तलावांनीं विहिरींस पाणी दिलें, हें नाकारतां येत नाहीं.

मग अडतें कोठें? नळी आपल्या शेतांत पुरतां येते, पण तिचें खारें पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावें लागतें. वरच्याचा मळा उत्तम पिकत असतो. खालच्याची जमीन त्याच पाण्यानें नासलेली असते. वरच्यानें खर्चांत वांटा कां द्यावा, हा प्रश्न तो विचारतो, आणि त्याचें उत्तर कोणत्याहि प्रयोगशाळेंत मिळत नाहीं. राष्ट्रांचेंहि असेंच. भारतानें २०१९ सालीं दिल्लीजवळ भरलेल्या परिषदेच्या वेळीं २०३० पर्यंत २ कोटि ६० लक्ष हेक्टर जमीन सुधारण्याचा संकल्प जाहीर केला. परंतु २०२४ च्या डिसेंबरांत रियाध येथें अवर्षणाविषयीं बंधनकारक करार करण्याची वेळ आली, तेव्हां खर्च कोणी सोसावा यासारख्या प्रश्नांवर मतैक्य झालें नाहीं व विषय पुढें ढकलला गेला. रियाधचें आपल्या हातीं नाहीं. बांधावरचें आहे, आणि एका ओढ्यावरील पंधरा-वीस खातेदारांनीं एकत्र बसून सामाईक चर ठरविल्यावांचून सांगवीसारख्या गांवाचा प्रश्न सुटणार नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कूळकायद्यानंतरहि ज्या वाचकांची नीरेकांठीं चार-दोन एकर जमीन राहिली आहे व जी ते खंडानें देतात, त्यांनीं केवळ खंडाच्या रकमेवर समाधान मानूं नये. पीक दरसाल कमी होत असेल, उसाचीं पानें कडेनें करपत असतील, किंवा पाऊस पडल्यावर पाणी दिवसचे दिवस तुंबत असेल, तर मातीची परीक्षा करवावी. नमुना पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत घ्यावा. एका ठिकाणची वरची माती न घेतां शेतांत चार-पांच ठिकाणीं खड्डे करून पहिला फूट, दुसरा फूट व तिसरा फूट यांची माती निरनिराळ्या पिशव्यांत भरावी, व प्रत्येक पिशवीवर खोली लिहावी. बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांत ही परीक्षा होते. सामू साडेआठाच्या वर आला तर जमीन चोपण होऊं लागली आहे असें समजावें; आणि तिसऱ्या फुटांतील माती पहिल्याहून अधिक खारी निघाली, तर क्षार अजून खालीं आहे, वर यावयाचा आहे, म्हणून शेजाऱ्यांकडे त्याच आठवड्यांत जावें.