ठोकून सरळ न होणारं लोखंड

हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या एखाद्या बोळात, डेंटिंगच्या दुकानापुढे ठोकर बसलेली गाडी येऊन उभी राहिली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘चेसिस को तो नै लगा ना?’ घरात मराठी बोलणारा हैदराबादीसुद्धा हे दखनीतच विचारतो. मिस्त्री उत्तर देत नाही, टेप काढतो. पुढच्या डाव्या सस्पेन्शनच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत एक माप, मग उलट बाजूने दुसरं. दोन्ही कर्ण सारखे भरले तर सांगाडा जागेवर आहे, नाहीतर वाकला. सुतार दाराची चौकट तपासतो तीच ही युक्ती. पण तो प्रश्न मुळात जुन्या काळच्या गाडीचा आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक मोटारींना वेगळी चेसिस नसतेच. उरलाय तो चेसिस नंबर, पत्र्यावर कोरलेला, आरटीओच्या कागदांसाठी पेन्सिल घासून उतरवून घेण्यापुरता.

वेगळी चेसिस म्हणजे शिडी: लांबीला दोन जाड दांडे, मधे आडवे तुकडे, वर बोल्टने बसवलेली बॉडी. ट्रकला, थारला, स्कॉर्पिओला ती अजून आहे. खाली शिडी असली की वर काय बसवायचं याला बंधन राहत नाही. बहादूरपुऱ्याच्या सुधा कार म्युझियममध्ये बूट, पर्स, बर्गर अशा आकारांच्या चालत्या गाड्या आहेत, असले लाड वेगळ्या सांगाड्यावरच पुरवता येतात. शिडीची खोड एकच, ती पिळली जाते. पुठ्ठ्याची नळी घेऊन दोन्ही हातांनी पिळून पाहावी, हलत नाही. तीच उभी चिरून पुन्हा पिळली की लगेच वेडीवाकडी होते. पुठ्ठा तितकाच, वजन तितकंच, फक्त बंद आकार उघडा झाला. ट्रकचे दांडे मुद्दाम अशा उघड्या आकाराचे असतात, कारण खड्ड्यातून जाताना त्यांनी थोडं पिळणंच बरं. मोटारीत मात्र बसणाऱ्यांभोवतीची अख्खी पेटीच बंद नळ्यांची करायची आणि शिडी काढून टाकायची, हा मोनोकॉकचा विचार. १९२२च्या लान्सिया लाम्ब्डात तो पहिल्यांदा नीट उतरला. आणि गंमत अशी, की ‘तेव्हाचं लोखंड काय होतं!’ म्हणून ज्यांच्या आठवणी काढल्या जातात त्या अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी, दोघीही शिडीशिवायच्याच होत्या.

तेव्हा जड तेवढं मजबूत हा हिशेब मुळातच चुकतो. पण मोनोकॉक म्हणजे सुरक्षित हाही तितकाच कच्चा हिशेब आहे. जानेवारी २०१४मध्ये गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही मोनोकॉक, पाचांनाही शून्य तारे. तीन गाड्यांचा सांगाडाच कमी पडला. उरलेल्या दोघींचा टिकला, पण त्यांत एअरबॅग नव्हत्या. उलट २०२२मध्ये शिडीवरच्या स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. प्रश्न प्रकाराचा नाहीच, धक्का कुठल्या वाटेने जातो याचा आहे. डिझाइन करणारा संगणकावर गाडीचे बारीक तुकडे पाडून तीच वाट आखत असतो: पुढचे दांडे घडीच्या पंख्यासारखे मिटले पाहिजेत, दोन दारांमधला खांब मात्र हलता कामा नये. म्हणून त्या खांबाचा पत्रा सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवतात आणि थंड साच्यातच दाबून झटकन निववतात. साध्या पत्र्याची ताकद ३०० मेगापास्कलच्या आसपास, याची १५००. पातळ पत्र्यात १५००, म्हणून गाडी हलकी आणि माणूस वाचलेला.

आणि इथेच नारायणगुडा कुणाच्या खिजगणतीत नाही. मिस्त्रीचं हत्यार म्हणजे हातोडी, ठोकळा, जॅक आणि गॅसची ज्योत. पत्रा लाल होईपर्यंत तापवायचा, मऊ झाला की ठोकायचा. साध्या पत्र्यावर ही कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण १५००च्या खांबावर तीच ज्योत धरली की पोलाद पुन्हा नरमतं. साच्याने क्षणात दिलेलं ज्योत काढून घेते, आणि वर पुट्टी नि रंग चढला की डोळ्यांना काही कळत नाही. यावर उत्तर तयार असतं: अशी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्येच न्यावी. पूर्ण विमा असलेल्याला ते सोपं आहे. तिसऱ्या हातातली, थर्ड पार्टी विम्यावरची गाडी बोळातच येणार, आणि त्यात बसणारा माणूस काही कमी मोलाचा नाही. दुसरं उत्तर, शिडीकडे परत चला. त्यात वजन वाढतं, पेट्रोल जातं, आणि नव्या शिड्यांमध्येही आता वरच्या दर्जाचं पोलाद आलंच आहे. ज्योतीचा प्रश्न सुटत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: असा खांब दुरुस्त करायचाच नसतो, बदलायचा असतो. कबूल. पण मग कुठे कापायचं, कुठे नाही, कुठला पत्रा तापवायचा नाही, हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते दुरुस्तीच्या पुस्तिकेत जातं आणि पुस्तिका कंपनीच्या वर्कशॉपात. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल उघडलं, त्यात मोटारीही आहेत. पण पडद्यावरची माहिती खांबाशी उभ्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. पोलाद साधं की १५००चं हे त्या पत्र्यावरच, आतल्या बाजूने का होईना, छापायला काय हरकत आहे? चेसिस नंबर कोरता येतो तर हेही येईल.

तोवर बोळात टेपच चालते. खांब तापवून, ठोकून, रंगवून झाला की मिस्त्री पुन्हा एकदा दोन्ही कर्ण मोजतो. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. माप सारखं भरतं, आणि मालक किल्ली घेतो.